आचाऱ्यांचे आचार्य करणारा कीबोर्ड

म्हणे फोनच्या कीबोर्डात मशीन लर्निंग! ‘घरासमोरच्यांनाही’ एवढं टाइप करून स्पेस दाबावी, तर समोर भलतंच काहीतरी. गणित तसं ठीक आहे. बोटाचा ठसा बटणापेक्षा रुंद, म्हणून कीबोर्ड आजूबाजूच्या प्रत्येक बटणाची शक्यता काढतो आणि तिला ‘इथे कोणता शब्द येईल’ या अंदाजाने गुणतो. इंग्रजीत हे खपतं. मराठीत एकट्या ‘घर’ला सामान्यरूप, विभक्ती, शब्दयोगी अव्यय, वर ‘च’ नि ‘ही’ चिकटून ढीगभर रूपं होतात. ती शब्दयादीत नसली की आपलं बरोबर लिहिलेलं चूक ठरतं!

रोमनमधून लिहिणाऱ्यांचे तर आणखी हाल. ‘ल’ आणि ‘ळ’ दोघांना एकच एल. ‘आचार्यांनी’ आणि ‘आचाऱ्यांनी’ यांचं स्पेलिंग तेच, त्यामुळे लग्नात भात करपवतात ते आचार्य. ‘ऱ्य’साठी नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), य असा क्रम लागतो, तो बटणांच्या वरच्या शब्द-सूचनांच्या पट्टीत वेळेवर दिसेल तर शपथ.

मग करा उपद्व्याप. ऑटो-करेक्शन (शब्द परस्पर बदलणं) बंद, सूचना चालू. हिंदीवर भागवू नका, मराठी वेगळी जोडा. नको ती सूचना दाबून धरली की बऱ्याच कीबोर्डांत हटवता येते. पर्सनल डिक्शनरीत, म्हणजे कीबोर्डातल्या आपल्या शब्दयादीत, रूपं प्रत्ययासकट भरा, नुसतं ‘घर’ भरून काही होत नाही. आणि बॅकअप नसताना फोन बदलला, की पुन्हा श्रीगणेशा.