वाचता आलं तर तो डिस्प्ले फॉन्ट कसला!

कॅम्पेन ठरलं, बजेट मंजूर झालं, फोटो आले, मजकूरही कुणीतरी खरडून दिला. आता उरलं ते खरं काम: फॉन्ट निवडणं. याला तुम्ही दोन तास द्या नाहीतर दोन आठवडे, पथ्य एकच. ही जाहिरात कुणीतरी वाचणार आहे, हा विचार मनात येऊ द्यायचा नाही. वाचणाऱ्याचा विचार आला की माणूस भित्रा होतो, आणि भित्री माणसं शेवटी नोटोसारख्या साध्या, सरळ वाचता येणाऱ्या फॉन्टवर येऊन थांबतात.

डिस्प्ले फॉन्ट मोठ्या आकारात आणि चार-दोन शब्दांपुरता वापरावा, अशी एक जुनाट समजूत आहे. मथळ्याला लावलात ना? मग खालच्या परिच्छेदाने काय घोडं मारलंय? 'मोदक' नावाचा एक देवनागरी फॉन्ट आहे, नावाला जागणारा, गुटगुटीत. अक्षरांच्या पोटातल्या पोकळ्या बुजत बुजत नुसत्या बारीक रेघा उरल्यात. ज्यांनी काढला त्यांनी तो मोठ्या आकारासाठी फार विचारपूर्वक काढलाय. तुम्ही तो 'अटी लागू'ला लावा, अकरा पिक्सेलमध्ये. अटी कुणी वाचू नयेत असं कायदा विभागाला आधीपासूनच वाटत असतं. चला, डिझायनरचं आणि त्यांचं एका तरी गोष्टीवर एकमत झालं.

निवड करताना नमुन्यातला शब्दच बघायचा. तो बहुधा 'कमल' किंवा 'नमन' असतो. ना काना, ना मात्रा, ना जोडाक्षर. अशा शब्दात कुठलाही फॉन्ट देखणाच दिसतो. तिथे आपल्या मथळ्यातला 'वैशिष्ट्यपूर्ण' टाइप करून बघायचा मोह होईल, तो आवरा. बघितलंत तर कळेल की 'ष्ट्य' हे जोडाक्षर तुम्ही निवडलेल्या फॉन्टमध्ये कुणी काढलेलंच नाही. ष पाय मोडून एका बाजूला उभा, ट आणि य त्याला ओळख न दाखवता दुसऱ्या बाजूला, आणि रफार वाट चुकून भलत्याच्याच डोक्यावर. हे एकदा दिसलं की पुन्हा मीटिंग आली, पुन्हा चहा आला. न बघितलेलं बरं. तपासायला प्रेक्षक आहेतच, आणि ते कॉमेंटमध्ये फुकट तपासून देतात.

इंग्रजी टेम्प्लेट हाताशी असेल तर उत्तमच. त्यात अक्षरांमधली जागा ऐसपैस सोडलेली असते, त्याला 'प्रीमियम लूक' म्हणतात. तीच सेटिंग देवनागरीला लावा. शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी तुटते आणि दोरी तुटल्यावर वाळत घातलेले कपडे पडावेत तसा शब्द ओळभर पसरतो. ओळींमधलं अंतर मात्र टेम्प्लेटमध्ये असेल तेवढंच घट्ट ठेवा. इंग्रजी अक्षरांना वर वेलांटी नसते, खाली उकार नसतो, त्यांचं भागतं. आपल्याकडे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो, आणि ती मात्रा नक्की कुणाची यावर वाचणाऱ्याची दोन मिनिटं छान जातात. याला एंगेजमेंट म्हणतात.

आउटलाइनबद्दल, म्हणजे अक्षरांभोवती काढलेल्या रेघेबद्दल, जरा सविस्तर सांगायला हवं, कारण त्यात आमचा अनुभव आहे. विम्याच्या एका योजनेचं काम होतं. हप्ता वेळेत भरा एवढाच निरोप, आणि मथळा तीनच शब्दांचा: 'हप्ता आजच भरा!' फॉन्ट जाडजूड, कडा गोल. मीटिंग रूमच्या भिंतीवर पडद्यावर अक्षरं हातभर उंचीची दिसत होती. सगळे खूश. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "अजून थोडं उठून दिसू दे की." मग लाल आउटलाइन आली. मग तीही थोडी जाड झाली.

आता भ आणि म यांच्यात फरक तो केवढा? भ च्या डाव्या अंगाला एक गाठ, आणि तिच्या शेजारी शिरोरेषेत इवलीशी फट. आमच्या फॉन्टमध्ये गाठ आधीच फुगलेली होती, फट केसाएवढी. आउटलाइनने ती दोन्हीकडून बुजवली. भिंतीवर तरीही 'भरा' असंच दिसत होतं, कारण खोलीतल्या प्रत्येकाला तिथे काय लिहिलंय ते आधीच ठाऊक होतं. मजकूर लिहिणाऱ्याने फोनवर उघडून बघू या म्हटलं, तर त्याला सांगितलं, तू तुझं लिहिण्याचं बघ. जाहिरात गेली. फोनवर, अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत, विमा कंपनीचा निरोप पोचला: 'हप्ता आजच मरा!'

शेअर मात्र खूप झाली. हे यश नाही म्हणता येणार नाही.

अशा यशाला मोठी परंपरा आहे. व्हिन्सेंट कोनेअर यांनी 1994 साली मायक्रोसॉफ्टमध्ये कॉमिक सॅन्स हा फॉन्ट काढला तो एका कार्टून कुत्र्याच्या तोंडच्या फुग्यांसाठी. कुत्र्याला टाइम्स न्यू रोमनमध्ये बोलताना पाहून त्यांना ते खटकलं होतं. म्हणजे फॉन्ट कुणाच्या तोंडी आहे हे बघून निवडला होता, ही त्यांची चूक. ती पुढे जगाने सुधारली. 2012 मध्ये सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत हिग्ज बोसॉन या कणाबद्दलचे निष्कर्ष मांडले गेले तेव्हा एका सादरीकरणाच्या स्लाइड्स कॉमिक सॅन्समध्ये होत्या. अर्धशतकाच्या शोधाचं फळ पडद्यावर, आणि इंटरनेटवर लोक फॉन्टवरून घसरले. मजकुरावर एवढी मात करणारा फॉन्ट मिळाला की सोडू नका.

जागेची चिंता आता उरलेली नाही. फेसबुकवर पूर्वी चित्राच्या वीस टक्क्यांहून जास्त भागावर मजकूर असला की जाहिरातीची पोच कमी व्हायची. 2020 मध्ये ती अट गेली. उरलेले ऐंशी टक्के तुमचेच आहेत, भरा. (भराच म्हणतोय.)

रंग? पांढऱ्यावर पिवळा. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान 4.5:1, मोठ्या अक्षरांना 3:1 इतका कॉन्ट्रास्ट असावा असं वेबच्या सुलभतेचे नियम सांगतात. पण ते नियम करणाऱ्यांनी तुमचा ब्रँड कलर पाहिलेला नाही.

लायसन्स वाचत बसू नका. 'वैयक्तिक वापरासाठी मोफत' असं लिहिलेलं असतं. तुम्ही हे कॅम्पेन मनाला किती लावून घेतलंय, त्याहून वैयक्तिक ते काय असणार?

जाहिरातीवर क्लिक केल्यावर उघडणाऱ्या लँडिंग पेजवर फॉन्टची सगळी वजनं, म्हणजे बारीक ते जाड सगळे प्रकार, चढवा, एक वापरणार असलात तरी नऊ. फॉन्ट उतरेपर्यंत बरेच ब्राउझर साधारण तीन सेकंद मजकूर अदृश्य ठेवतात. तेवढ्यात निघून जातो तो आपला ग्राहक नव्हताच. 'स्वॅप' नावाची एक सोय आहे, तिने आधी साधा फॉन्ट दिसतो. पण मग लोक तोच वाचून मोकळे होतात.

ईमेलची गोष्ट वेगळी. विंडोजवरचं जुनं आउटलुक तुमच्या वेबफॉन्टकडे ढुंकूनही बघत नाही आणि सरळ टाइम्स न्यू रोमन पुढे करतं. उपाय सोपा: अख्खा ईमेल एकाच चित्रात बसवा. मग ज्यांच्याकडे चित्रं बंद असतील त्यांना एक शांत, पांढरा चौकोन मिळतो. स्क्रीन रीडरवर ऐकणाऱ्याला फाइलचं नाव ऐकू येतं, 'फायनल फायनल तीन नवीन'. त्या ईमेलमधलं सगळ्यात स्पष्ट वाक्य तेच.

आणि एवढं करूनही कॅम्पेन आपटलं तर? फॉन्टवर आळ येऊ द्यायचा नाही, तो वरच्यांनी पास केलेला असतो. मजकूर पकड घेत नव्हता म्हणायचं. मजकूर लिहिणाऱ्याला बोलवायचं, समोर बसवायचं आणि मथळा जरा कमी पडला असं समजावून सांगायचं. तो काही बोलत नाही, मान डोलावतो, आणि संध्याकाळपर्यंत सहा नवे मथळे देतो. मी तरी देतो. हल्ली फक्त भ टाळतो.