खुलासा: पान नेल्यानं घरचं बियाणं जात नाही

गावरानी कपाशीचं पान नेऊन जनुकक्रम वाचला की वाणाचं पेटंट होतं, मग घरचं बियाणं पेरणं गुन्हा ठरतो, असा मेसेज आपल्याकडच्या गटांत फिरतोय. तो चुकीचा आहे.

पानाच्या तुकड्यातून डीएनए काढून त्यातल्या चार अक्षरांचा, म्हणजे चार रासायनिक घटकांचा, क्रम वाचतात, एवढंच. पऱ्हाटी शेतात उभीच राहते. देशी कपाशीचा हा क्रम तर २०१४ मध्येच प्रसिद्ध झालाय. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(जे) प्रमाणे बियाणं, वाण यांना पेटंट मिळतच नाही. शिवाय २००१ च्या शेतकरी हक्क कायद्याचं कलम ३९ बियाणं राखायची, पेरायची, अदलाबदलीची, विकायचीही मुभा देतं. या कायद्याखाली नोंदलेलं संरक्षित वाण तेवढं ब्रँड लावून विकता येत नाही.

बियाणं हातचं जायची भीती मला समजते, दरसाल पाकिटं घेणाऱ्याला ती असणारच. पण भाऊ, हा मेसेज पुढे ढकलू नका. पाठवला असेल तर त्याच गटात हा खुलासा टाका.