डूलाली आणि देवळाली

इंग्लंडात एखादा माणूस भलतंसलतं वागायला लागला की लोक म्हणतात, हा ‘डूलाली’ झाला. रागाने नाही, हसतहसत. ऑफिसातला प्रिंटर कोरे कागद ओकायला लागला की तोही डूलाली. हा शब्द म्हणजे आमच्या नाशिकशेजारची देवळाली, हे बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या गावीही नसतं.

ब्रिटिश लष्कराने 1861 मध्ये देवळालीला छावणी वसवली. मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत तिथे थांबत. सैनिकांच्या बोटी हिवाळ्याच्या हंगामात सुटायच्या. तो हंगाम हुकला की पुढचा येईपर्यंत मुक्काम छावणीतच. हाताला काम नाही, डोक्यावर ऊन, अंगात हिवताप आणि जोडीला दारू. त्यात काहींचं डोकं फिरायचं. शिपायांनी या अवस्थेला नाव ठेवलं ‘डूलाली टॅप’. टॅप म्हणजे आपलाच ताप. पुढे ताप उतरला, डूलाली तेवढी राहिली. आपला ‘ळ’ काही साहेबाच्या जिभेवर टिकायचा नव्हताच.

ही हकिकत मी शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली. तिथे आधीच नामांतराचा वाद पेटलेला होता: संभाजीनगर, अहिल्यानगर, आणि इंग्रजीत अजून ‘बॉम्बे’ म्हणणाऱ्यांचं काय करायचं. त्या तापल्या तव्यावर डूलालीचीही पोळी भाजली गेली. ‘आपल्या गावाचं नाव वेड्यांना लावतात म्हणजे काय? कोशवाल्यांना निवेदन द्या, शब्द काढायला लावा.’ आणि तू इंग्लंडातच राहतेस, तर तूच लिही, असंही ठरलं.

मी लिहिणार नाही. पण ‘बॉम्बे’च्या बाबतीत मी गटाच्या बाजूची आहे. आपण मराठीत कायम मुंबईच म्हणत आलो. 1995 मध्ये जे झालं ते नवं बारसं नव्हतं, आपण घरात वापरत होतो ते नाव इंग्रजीत गेलं, इतकंच. 2016 मध्ये ‘द इंडिपेंडंट’चे तेव्हाचे संपादक अमोल राजन यांनी आपल्या वृत्तपत्रात पुन्हा ‘बॉम्बे’ लिहायचं ठरवलं. मुंबई म्हणणं म्हणजे हिंदू राष्ट्रवाद्यांचं काम आयतं करून देणं, असा त्यांचा मुद्दा होता. मला तो अजिबात पटला नाही. निर्णय त्या विचारांच्या सरकारने घेतला हे खरं, पण नाव त्या सरकारने शोधून काढलेलं नव्हतं. मुंबादेवी कुठल्याही पक्षाच्या आधीची. ज्या शहराबद्दल तुम्ही बोलताय तिथले लोक आज त्याला जे म्हणतात ते म्हणावं, एवढी साधी रीत आहे.

ही रीत इथल्यांना कळत नाही असंही नाही. उत्तर आयर्लंडमधल्या एका शहराला कोणी डेरी म्हणतं, कोणी लंडनडेरी. 1984 मध्ये नगर परिषदेने स्वतःच्या नावात डेरी घेतलं, आणि 2007 मध्ये न्यायालयाने सांगितलं की शहराचं कायदेशीर नाव लंडनडेरीच. रस्त्यावरच्या पाट्यांवरचं ‘लंडन’ खोडलेलं आजही दिसतं. वेल्समध्ये स्नोडन पर्वताच्या राष्ट्रीय उद्यानाने 2022 मध्ये पर्वताचं ‘अर विद्वा’ हे वेल्श नाव वापरायचं ठरवलं, त्यावरही कुरकुर झालीच. तेव्हा भारतात नावं बदलायची फारच हौस, असं कोणी म्हणालं की मी डेरीचा विषय काढते. पुढची दहा मिनिटं तेच बोलतात.

पण काही नावं गाव सोडून निघून गेलेली असतात. ‘बॉम्बे मिक्स’च्या पाकिटाला मुंबईशी काही देणंघेणं नाही. ते फरसाण आहे, आणि तेही बेताचंच. डोंगरीच्या जाड्याभरड्या कापडावरून आलेल्या डंगरीज इथे लहान मुलं घालतात. डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1952 मध्ये नोंदवलेला रक्तगट जगभर ‘बॉम्बे’ म्हणूनच ओळखला जातो, आणि रक्त शोधायच्या घाईत कोणी तो बदलायला जाऊ नये. मायदेशी तरी काय, उच्च न्यायालय इंग्रजीत अजून बॉम्बेच आहे. नाव बदलायचं विधेयक 2016 मध्ये लोकसभेत आलं आणि तिथेच राहिलं. पवईची आयआयटीही बॉम्बेच. एखाद्या चुकार परदेशस्थाची जीभ घसरली तर त्याला धारेवर धरणारे या दोन्ही पाट्यांखालून मुकाट्याने जातात.

डूलाली या दुसऱ्या जातीतली. तिच्यात देवळालीची निंदा नाही. निंदा असलीच तर ती घरी जायला न मिळालेल्या शिपायांची आहे. मला खटकतं ते वेगळंच. माणसाचं मन बिघडतं, आणि त्याचा विनोद होतो. पण याबद्दल इंग्रजांना धडा शिकवायला आपण निघावं? ‘याला येरवड्याला न्या’, ‘ठाण्याला भरती करा’ हे आपण कोणत्या तोंडाने म्हणतो? मनोरुग्णालय गावात आहे म्हणून येरवडा आणि ठाणे ही नावं आपण शिवीसारखी वापरली, आणि ती तर अजून जागच्या जागी असलेली, माणसांनी गजबजलेली ठिकाणं आहेत. गटावर मी हे लिहिलं. एका ठाणेकर मैत्रिणीने अंगठा दाखवला, बाकी सामसूम.

निवेदन द्यायचंच असेल तर माझ्याकडे एक मागणी आहे. काही इंग्रजी कोशांत देवळाली ‘बॉम्बेजवळचं गाव’ म्हणून दिलेली असते. कसारा घाट चढून, इगतपुरी ओलांडून गेल्यावर जे गाव येतं, ते बॉम्बेजवळचं? तिथे ‘नाशिकजवळचं’ असं करून घ्या. त्या कागदावर पहिली सही माझी.