सांगलीच्या पोरांना मगर माहीत आहे

गेल्या आठवड्यात भावे नाट्यमंदिरात ‘पीटर पॅन’चं, म्हणजे कधीच मोठा न होणाऱ्या पोराच्या गोष्टीचं, मराठी बालनाट्य पाहिलं. हौशी संस्था, सगळी शाळकरी पोरं. उडण्याची दृश्यं दोऱ्याबिऱ्या न लावता नुसत्या प्रकाशावर आणि पोरांच्या अंगातल्या लयीवर उभी केली होती, ती बघताना मी खरंच हरखून गेले. तरी आज लिहितेय ते तक्रारीसाठी. या प्रयोगातून भीती काढून टाकली होती, आणि भीती काढली की या नाटकात फारसं काही उरत नाही.

समुद्री चाच्यांचा म्होरक्या कॅप्टन हूक सतत धडपडतो, त्याची विजार घसरते. मगर तर चालू गाण्यावर नाचतच येते. अहो, हूकचा हात पीटरनं तोडून त्या मगरीपुढे टाकलाय. तिला चव लागलीय, आणि उरलेला हूक खायला ती त्याच्या मागावर आहे. तिनं गिळलेलं घड्याळ पोटात टिकटिकतं म्हणून तो आजवर वाचला. ज्या दिवशी चावी उतरेल त्या दिवशी संपला. सगळ्यांना कापून काढणारा हा माणूस काळाला घाबरतो, आणि समोर उभा आहे काळ ज्याला शिवतच नाही असा पोरगा. त्याचा हूकला इतका राग का येतो, हे पोरांना न सांगता कळतं.

आणि मगर सांगलीत हसण्यावारी? औदुंबर, भिलवडी, डिग्रज, या काठावरच्या घरांत पोरांना नदीकडे जाताना मगरीची ताकीद मिळते. ती पोरं त्या दिवशी थिएटरात होती. अंधार करून नुसती टिकटिक ऐकवली असती तरी पुरे होतं. याच सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं. त्या खेळांतली राक्षसपार्टी आरडाओरडा करत रंगमंचावर यायची आणि लोकांना ती हवी असायची. घाबरायला आपण इथं पिढ्यान्‌पिढ्या तिकीट काढत आलोय.

दुसरी गोष्ट बाबांची. जे. एम. बॅरीनं हे मुळात नाटक म्हणूनच लिहिलं, १९०४ साली लंडनमध्ये ते रंगमंचावर आलं. कादंबरी नंतरची, १९११ची. पहिल्या प्रयोगात, पीटर ज्यांना उडवत घेऊन जातो त्या मुलांचे बाबा आणि हूक ही दोन्ही कामं जेराल्ड द्यू मोरिए या एकाच नटानं केली, आणि पुढे तशी रीतच पडली. यामागे नट वाचवण्याखेरीज बरंच काही आहे. पहिल्या अंकात बाबा धाकट्याला म्हणतात, तू औषध घे, मीही घेतो. पोरगं घेतं, बाबा लपवतात, आणि वर स्वतःचं औषध कुत्रीच्या भांड्यात ओततात. पुढे हूक काय करतो? पीटरच्या औषधात विष कालवतो. एकाच नटाच्या हातून या दोन गोष्टी घडताना पाहिल्या की घरातल्या मोठ्यांविषयी पोरांच्या मनात जे असतं आणि बोलता येत नाही, ते समोर येतं. इथं बाबा वेगळे, हूक वेगळा, आणि औषधाचा प्रसंग गायब!

मूळ नाटकातल्या ‘रेड इंडियन’ टोळीवाल्यांचा भाग पूर्ण काढला, ते मात्र योग्यच केलं. तसल्या चित्रणाची आज गरज नाही. पीटरची सोबतीण परी टिंकर बेल मरायला टेकते तेव्हा पीटर प्रेक्षकांकडे टाळ्या मागतो, तो प्रसंग तर दृष्ट लागण्यासारखा झाला. आख्खं थिएटर टाळ्या पिटत होतं, बाल्कनीतले आजोबासुद्धा.

पण माझ्या मागच्या रांगेतल्या एका चिमुरडीनं विचारलं, “पीटरची आई कुठंय गं?” आई म्हणाली, “गप्प बस, बघ पुढं.” त्या पोरीला जे हवं होतं ते मूळ नाटकात आहे. पीटर सांगतो, मी एकदा घरी परत गेलो होतो. खिडकीला गज होते, आणि माझ्या पलंगावर दुसरंच बाळ झोपलं होतं. त्याची मोठं न होण्याची सगळी मिजास या जखमेवर उभी आहे. बॅरीचा थोरला भाऊ चौदाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी बर्फावरच्या अपघातात गेला, आणि आता हा कायम लहानच राहणार यात आईनं समाधान शोधलं. हे ठाऊक असलं की पीटरकडे नुसता मजेशीर पोरगा म्हणून बघवत नाही. तो निष्ठुरही आहे. कादंबरीच्या शेवटी वर्षभरानं भेटतो तेव्हा त्याला हूक आठवत नाही, टिंकर बेलही आठवत नाही.

“पोरं रडतील” असं पालक म्हणतात, म्हणून हे कापलं असं बाहेर कळलं. रडू देत की. आजी गेली तेव्हा रडलेली, शाळा बदलल्यावर मैत्रीण सुटली म्हणून रडलेली पोरं आहेत ती.

दिग्दर्शक सर, पुढचा प्रयोग मिरजेत आहे ना? मगरीचा नाच काढा, त्या चार मिनिटांत खिडकीची गोष्ट बसते. आणि बाबांचं काम करणाऱ्या मुलालाच हूक द्या. त्याचा आवाज खर्जातला आहे, त्याला झेपेल.