बातम्या वाचणारी आणि बातम्या ठरवणारी : एका ज्येष्ठ श्रोत्याच्या आक्षेपांना उत्तर

आदरणीय महोदय, सप्रेम नमस्कार.

रेडिओ केंद्रांनी आपल्या बातम्यांत आणि कार्यक्रमांत कोण कोण बोलते याची नियमित नोंद ठेवावी आणि त्यातली स्त्री-पुरुषांमधली तफावत जाणीवपूर्वक कमी करावी, अशी सूचना मी मागच्या लेखात केली होती. त्यावर आपण सविस्तर आणि थोडे रागावूनच लिहिले आहे. आपले म्हणणे असे, की रेडिओवर आधीच बायकांचे आवाज जास्त आहेत आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र कार्यक्रमही आहेत. सोलापूरसारख्या जिल्ह्यात ऊस, पाणी, बाजारभाव आणि पोलीस या विषयांवर बोलणारे पुरुषच असतात, त्याला रेडिओ काय करणार. डोकी मोजण्याचा हा परदेशी उद्योग दर्जाच्या मुळावर येईल. आणि गंभीर बातमीला पुरुषाचाच आवाज शोभतो. "श्रोत्याला बातमी हवी असते, बाई की बुवा याच्याशी त्याला काय करायचे?" असा प्रश्नही आपण शेवटी विचारला आहे. मी काही वर्षे नैमित्तिक, म्हणजे गरजेनुसार मानधनावर बोलावली जाणारी, निवेदिका म्हणून माइकसमोर बसले असल्याने हा प्रश्न मला नवा नाही, म्हणून उत्तर थोडे लांबणार आहे.

बायकांचे आवाज रेडिओवर भरपूर आहेत, हे आपले निरीक्षण बरोबर आहे. १३ ऑगस्ट १९४७ रोजी दिल्ली केंद्रावरून सईदा बानो यांनी उर्दू बातम्या वाचल्या, तेव्हापासून वृत्तनिवेदिका ही या देशात अपूर्वाई राहिलेली नाही. आपल्याकडे तर पुणे केंद्रावरच्या प्रादेशिक बातम्यांतील सुधा नरवणे यांचा आवाज एका पिढीच्या दिनक्रमाचा भाग होता. पण बातमीपत्र वाचले जाण्यापूर्वी त्याचे काय काय होते ते पाहावे. जिल्ह्याचा बातमीदार कोणाला फोन करायचा ते ठरवतो, आलेल्या मजकुरातून संपादक बातम्या निवडतो, पहिली कोणती आणि शेवटची कोणती याचा क्रम लावतो, वेळेत बसेना तेव्हा कात्री कुठे चालवायची तेही तोच सांगतो आणि मग तो कागद वाचणाऱ्याच्या हाती येतो. वाचणारी स्त्री आहे म्हणून या आधीच्या पायऱ्यांवरही स्त्रिया आहेत असे आपण समजून चालतो. जगभरातील वर्तमानपत्रे, रेडिओ आणि दूरचित्रवाणीच्या बातम्या एकाच दिवशी तपासणारा एक प्रकल्प १९९५पासून दर पाच वर्षांनी होत आला आहे. त्याच्या २०१५च्या पाहणीत रेडिओ-दूरचित्रवाणीवरील निवेदकांत स्त्रिया जवळपास निम्म्या होत्या. मात्र बातमीत तज्ज्ञ म्हणून बोलणाऱ्यांत त्या १९ टक्के, प्रवक्ते म्हणून २० टक्के आणि स्वतःचा अनुभव सांगणाऱ्यांत ३८ टक्के होत्या. म्हणजे सोसलेले सांगायला बाई चालते, पण त्याचा अर्थ लावायला पुरुष बोलावला जातो. माझा सारा आक्षेप या एका वाटणीवर आहे. स्त्रियांचे आवाज किती ऐकू येतात यावर माझी तक्रार मुळातच नव्हती.

स्वतंत्र कार्यक्रमांविषयी. 'वनिता मंडळा'सारख्या कार्यक्रमांनी रेडिओला घराच्या आत नेले आणि घरातल्या अनेकींना पहिल्यांदा माइकपर्यंत आणले; त्यांना नावे ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. अडचण अशी होते, की एकदा दुपारचा अर्धा तास बायकांच्या नावे लिहून दिला की उरलेला दिवस आपोआप पुरुषांच्या नावे होतो. सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी विड्या वळल्या जातात. हाताला उसंत नसते आणि कान मोकळे असतात, त्यामुळे रेडिओला याहून चांगला श्रोतृवर्ग मिळणे कठीण आहे. या बायका हजार विड्यांवर मजुरी घेतात. पाने आणि तंबाखू कमी भरली तर भरपाई कोणी करायची, कारखान्यात नाकारल्या गेलेल्या विड्यांचे पैसे का कापले जातात, भविष्यनिर्वाह निधीची नोंद कुठे अडकली, हे त्यांचे रोजचे व्यवहार आहेत. ही निखळ कामगार-अर्थव्यवस्थेची बातमी आहे. पण रेडिओवर विडी कामगार स्त्री बहुधा कुठे भेटते, तर आरोग्यविषयक कार्यक्रमात, खोकल्याच्या आणि पाठदुखीच्या निमित्ताने. मजुरीचा प्रश्न आला की माइक युनियनच्या पुढाऱ्याकडे जातो. त्यातही यांपैकी अनेकींची घरची भाषा तेलुगू, त्यामुळे मराठी अडखळत बोलतील या भीतीने त्यांना आधीच वगळले जाते. अडखळणाऱ्या मराठीला सोलापूरचा श्रोता हसेल असे मला वाटत नाही, कारण या शहरात तेलुगू, कन्नड आणि उर्दूच्या वळणाची मराठी सगळेच बोलतात.

आता आपला सर्वांत वजनदार मुद्दा, की या विषयांवर बोलायला स्त्रिया आहेतच कुठे. मंगळवेढा तालुक्याच्या दक्षिण भागातील एका गावात पाणीटंचाईवर ध्वनिमुद्रण करायला गेले असताना सरपंच स्त्री होत्या आणि बोलायला त्यांचे पती पुढे आले. त्यांनी निवेदने दिली, पाठपुरावा केला, शासन सकारात्मक आहे, अशा वाक्यांची एक लांब माळ लावली. सरपंचबाई भिंतीशी बसून होत्या. टँकर नेमका कुठे रिकामा होतो एवढे त्यांना विचारल्यावर त्यांनी शाळेची एक वही काढली. कोणत्या दिवशी टँकर आला, तो कोणत्या विहिरीत ओतला, कोणत्या वस्तीचा रस्ता अरुंद म्हणून तिकडे तो गेलाच नाही आणि तिथल्या बायकांनी पाणी कुठून आणले, हे सारे त्यात पेन्सिलीने लिहिलेले होते. कार्यक्रमात वापरण्याजोगे जे काही मिळाले ते त्या वहीतून. पतीराजांच्या बोलण्यात एकही तारीख किंवा ठिकाण नव्हते, त्यामुळे त्यांचे ध्वनिमुद्रण बाजूला पडले. आपण ज्या दर्जाची काळजी करता, तो या प्रसंगात कोणामुळे राखला गेला हे आपणच पाहावे.

महाराष्ट्राने २०११ साली स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखीव केल्या. गावचे पाणी, रस्ता आणि घरकुल यांविषयी अधिकाराने बोलू शकणाऱ्या माणसांत आज निम्म्या स्त्रिया असल्याच पाहिजेत, आणि तरीही बातमीदाराच्या मोबाईलमध्ये 'सरपंच' म्हणून पतीचाच नंबर साठवलेला असतो. यामागे दुष्टावा नाही, हे मी मुद्दाम सांगते. बातमीपत्राची वेळ जवळ आली की कोणीही जो हमखास फोन उचलतो आणि दोन वाक्यांत बोलतो त्यालाच फोन करतो. तोच गृहस्थ मग वर्षानुवर्षे कांद्यावरही बोलतो, अर्थसंकल्पावरही आणि पावसावरही. केगावचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, अहिल्यादेवी होळकर विद्यापीठ, जिल्हा न्यायालय, बँका, बचत गटांचे संघ अशा ठिकाणी जाणकार स्त्रिया शोधायच्या तर ते काम बातमीची घाई नसताना, निवांत दुपारी करायचे असते. अनुभव असा, की ऐनवेळी विचारले तर स्त्री अधिकारी बहुधा "साहेबांना विचारा" म्हणते, कारण परवानगीशिवाय बोलल्याचा ठपका तिच्यावर लवकर येतो. आदल्या दिवशी विषय कळवला, प्रश्न सांगितले आणि कार्यालयाची परवानगी केंद्राने स्वतः पत्र पाठवून मिळवली, तर तीच स्त्री तयारीनिशी येते. हा वेळ खर्च करायचा की नाही, एवढाच खरा प्रश्न आहे.

मोजदादीने दर्जा घसरेल, या भीतीला उत्तर म्हणून मी बीबीसीचे उदाहरण दिले होते आणि आपण ते 'साहेबांचे कौतुक' म्हणून झटकून टाकले. साहेब राहू द्या, पद्धत पाहू या. २०१७ च्या सुरुवातीला रॉस ॲटकिन्स या निवेदकाने आपल्या एका बातम्यांच्या कार्यक्रमापुरते हे सुरू केले. कार्यक्रम संपल्यावर कोण बोलले याची नोंद त्याच चमूने करायची, एवढेच. वरून आदेश नव्हता. जी व्यक्ती बातमीचाच विषय आहे आणि जिला टाळणे शक्य नाही, ती मोजायची नाही. ज्यांची निवड आपल्या हातात आहे तेवढीच माणसे मोजायची. दर्जाशी तडजोड करायची नाही, हाही त्यांच्या मूळ नियमांपैकीच एक होता. त्या कार्यक्रमात स्त्रियांचे प्रमाण ३९ टक्क्यांवरून चार महिन्यांत ५० टक्क्यांवर गेले. सोलापुरात याचा अर्थ असा, की उजनी धरणातून कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळीची, म्हणजे आवर्तनाची, घोषणा पालकमंत्र्यांनी केली तर ते मोजदादीत येणार नाहीत, मग ते स्त्री असोत वा पुरुष. पण त्या आवर्तनाचा शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला काय उपयोग, हे समजावून सांगायला केंद्राने कोणाला बोलावले ते मात्र मोजले जाईल. लायक पुरुषाला दारातून परत पाठवा, असे यात कुठेही म्हटलेले नाही. ही मोजदाद नसली की काय होते तेही नोंदले गेले आहे: मघाच्या जागतिक पाहणीत बातम्यांतून दिसणाऱ्या-बोलणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण १९९५ साली १७ टक्के होते, ते २०२० साली २५ टक्के झाले. पाव शतकात आठ टक्के. काळ आपोआप बदलेल म्हणणाऱ्यांनी हा वेग एकदा डोळ्यांखालून घालावा.

गंभीर बातमीला पुरुषी आवाज शोभतो, हे वाक्य मी स्टुडिओतही ऐकले आहे. यात सवयीचा वाटा मोठा आहे आणि थोडा यंत्राचाही. मध्यमलहरींवर (मीडियम वेव्हवर) दोन केंद्रांमध्ये अंतर जेमतेम ९ किलोहर्ट्झ असते, त्यामुळे आवाजातील वरच्या कंप्रता (फ्रिक्वेन्सी) कापूनच प्रसारण होते आणि साधे रेडिओ संच त्या आणखी कापतात. 'स', 'श' यांसारख्या व्यंजनांची ओळख त्या वरच्या पट्ट्यात असते, आणि स्त्रियांच्या उच्चारात ती पुरुषांपेक्षा आणखी वर जाते. म्हणून जुन्या संचावर स्त्रीचा आवाज पातळ आणि अस्पष्ट वाटायचा, आणि दोष मात्र गळ्याला दिला जायचा. एफएमवर १५ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज जातो, तेव्हा ती सबब आता उरलेली नाही.

ही कल्पना परदेशी आहे म्हणता, तर सोलापूरहून हैदराबादच्या महामार्गाला लागावे. वाटेत जहिराबाद लागते आणि त्याच्या जवळ माचनूर गावी दलित शेतकरी स्त्रियांनी चालवलेला 'संघम रेडिओ' आहे. त्याला २००८ साली सामुदायिक रेडिओचा परवाना मिळाला. त्याआधी कित्येक वर्षे या बायका कार्यक्रम कॅसेटवर ध्वनिमुद्रित करून आपल्या महिला संघांच्या बैठकांत ऐकवत होत्या. विषय कोणते, तर बियाणे, ज्वारी-बाजरी, जमीन, सण. दुसऱ्या दिशेला, आपल्या माळशिरस-सांगोल्याच्या शेजारी, म्हसवडला 'माणदेशी तरंग वाहिनी' आहे, तीही २००८ची. या दोन्ही ठिकाणी ध्वनिमुद्रण कोणाचे करायचे हे बायका ठरवतात आणि म्हणून शेतीवरचा तज्ज्ञही तिथे बाई असू शकते. सामुदायिक केंद्रांना आणि खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा आजही नाही, खासगी एफएम आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे लावू शकते, त्यामुळे रेडिओच्या वृत्तविभागाचा सारा भार सार्वजनिक प्रसारकावर येतो आणि अपेक्षाही त्याच्याकडूनच अधिक ठेवावी लागते. खासगी वाहिन्यांवर सकाळभर चालणाऱ्या बायकोवरच्या विनोदांविषयी आपण काहीच लिहिले नाही. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

रात्रपाळीचा आणि पहाटेच्या पहिल्या सभेचा, म्हणजे प्रसारणाच्या पहिल्या सत्राचा, मुद्दा आपण काळजीपोटी मांडला आहे, याची मला जाणीव आहे. 'मुलींना रात्री नको' या काळजीचा व्यवहारातला परिणाम मात्र असा होतो, की पहाटेच्या आणि रात्रीच्या पाळ्या, म्हणजे ज्या वेळी बातमीचे निर्णय घाईने घ्यावे लागतात आणि माणूस काम शिकतो त्या पाळ्या, पुरुषांकडे जातात आणि पुढे बढतीच्या वेळी अनुभवही त्यांच्याकडेच निघतो. त्यावर उपाय म्हणजे ने-आण करणारी गाडी. दुसरा उपाय कायद्याने सांगितलेला आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात रोजंदारी, कंत्राटी आणि तात्पुरत्या स्त्रियाही येतात, म्हणजे मानधनावर बोलावल्या जाणाऱ्या नैमित्तिक निवेदिकाही येतात. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवी आणि त्याहून लहान केंद्रातल्या स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. समिती नेमल्याचा आदेश दर्शनी जागी लावणे मालकावर बंधनकारक आहे. आपण कार्यक्रमांसाठी वेगवेगळ्या केंद्रांवर जात असता असे आपण लिहिले आहे. पुढच्या वेळी तो आदेश भिंतीवर दिसतो का ते पाहावे आणि न दिसल्यास केंद्रप्रमुखांना विचारावे. ज्येष्ठ श्रोत्याने विचारलेला प्रश्न नैमित्तिक निवेदिकेने विचारलेल्या प्रश्नापेक्षा लवकर ऐकला जातो.