दिवा कालचा, वही आजची

माझ्याकडे एक जुनी, दोनच सीटची, जमिनीला पोट घासत चालणारी स्पोर्ट्स कार आहे. हौसेने घेतलेली, त्यामुळे तिच्याबद्दल घरात कुरकुर करायची सोय नाही. तर हिच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा आहे आणि तो लागतो. म्हणजे कधीकधी लागतो. कायमचा लागला असता तर बरं झालं असतं हो, गाडी दाखवली असती, पैसे मोजले असते, विषय संपला असता. पण हा मंगळवारी लागणार, शुक्रवारी आपोआप जाणार आणि मेकॅनिकच्या दारात पाहुण्यांसमोर बसवलेल्या कार्ट्यासारखा एकदम गुणी होणार.

पहिला सल्ला सगळ्यांचा एकच, पेट्रोलच्या टाकीचं झाकण नीट लाव. हे अगदीच उगाच नाही, झाकण सैल असलं की टाकीतली वाफ गळते, ते गाडीला कळतं आणि दिवा लागतो. मी झाकण असं आवळलं की पुढच्या वेळी पंपावरच्या पोराला दोन्ही हात लावावे लागले. दिवा लागलाच.

मग मी वही केली. मंगळवार, पाऊस, डावं वळण, दिवा लागला. बुधवार, कोरडं, दिवा आहे. गुरुवार, ऊन, फोन चार्जिंगला, दिवा आहे. महिनाभराच्या नोंदींवरून मी शास्त्रशुद्ध निष्कर्ष काढला की दोष फोनच्या चार्जरचा आहे, आणि नवीन चार्जर आणला. फोन मस्त चार्ज व्हायला लागला.

शेवटी गाडीने नोंदवलेले दोषांचे कोड फोनवर दाखवणारा ब्लूटूथवाला स्कॅनर मागवला. तो लावायचं १६ पिनांचं सॉकेट स्टिअरिंगखाली कुठेतरी असतं, आणि इतक्या बुटक्या गाडीत ते शोधायचं म्हणजे डोकं ब्रेकच्या पेडलपाशी आणि पाय दाराबाहेर. एका शेजाऱ्याने बाहेर आलेल्या पायांकडे बघून काळजीने विचारलं, "शुद्धीत आहात ना?" मी आतून हो म्हणालो, पण आवाज काही खात्रीचा नव्हता.

कोड निघाला पी०३०३. म्हणजे तीन नंबरचा सिलिंडर मिसफायर करतोय, त्यातलं पेट्रोल अधूनमधून पेटतच नाही. आता यात स्पार्क पडली की नाही हे गाडी डोळ्यांनी बघत नाही बरं का, क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा फिरता दांडा, फिरता फिरता कणभर अडखळला की तिने ओळखायचं, या सिलिंडरने काम केलं नाही. मी कोड पुसायला बटण दाबणार, तेवढ्यात फोनवर मेकॅनिक ओरडला, "पुसू नका साहेब, पुरावा जाईल!"

गाडी घेऊन गेलो, सोबत बायको आणि वही. वही चाळून तो हसला. म्हणाला, असली गडबड पहिल्यांदा झाली की गाडी नुसती पेंडिंग म्हणून मनात ठेवते, लागोपाठच्या फेरीत परत झाली तर दिवा लावते, आणि मग सलग तीन फेऱ्या धड गेल्याशिवाय विझवत नाही. म्हणजे खरी सुरुवात झाली तेव्हा दिवा नव्हता, आणि दिवा जळत होता त्यातले कित्येक दिवस गाडी ठणठणीत होती. माझ्या वहीत निम्मे दिवस निरपराध! (चार्जरसुद्धा.)

पुढे जे झालं ते मात्र टाळता आलं असतं. दोष सापडतो त्या क्षणाचे आकडे गाडी जपून ठेवते, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात, आणि ते त्याने बायकोसमोर मोठ्याने वाचले. कूलंट ९७ अंश, इंजिन ६२०० आरपीएम.

"तू तर म्हणालास हळू चालवतो," बायको.

मी झाकणाचा विषय काढून बघितला, पण कोणी दाद दिली नाही.

त्याने तीन नंबरची इग्निशन कॉइल, म्हणजे स्पार्कला वीज पुरवणारा भाग, काढून एक नंबरला लावली आणि एकची तीनला. दोष कॉइलचा असेल तर तो तिच्याबरोबर एकवर जाणार, नाहीतर प्लग, इंजेक्टर, वायरिंग बघायचं. पण त्यासाठी गाडी तशीच तापवायची आणि तशीच पळवायची. "दिवा लुकलुकला की मात्र ताबडतोब पाय काढायचा," तो म्हणाला, कारण न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भाजतं, आणि त्याचं बिल ऐकून माणूसच मिसफायर होतो.

मोकळा रस्ता होता. बायको शेजारी फोन घेऊन, स्क्रीनवर सिलिंडरनिहाय मिसफायरचे आकडे. ४००० ला सगळीकडे शून्य. ५००० ला शून्य. "दाब ना!" हे आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच. ६००० पार झाल्यावर ती किंचाळली, "एक! एक वाढतोय! तीन गप्प आहे!"

कॉइलच होती. गरम झाली आणि जोर पडला की मान टाकायची, थंड झाली की साळसूद. नवीन लावली. दिवा आपला आपण जाऊ दे म्हणून कोड पुसला नाही.

दोन फेऱ्या छान झाल्या. तिसरीला मी निघालो तर खुंटीवर किल्ली नाही. बाहेर बघतो तर बायको ड्रायव्हरच्या सीटवर, सीट पुढे ओढून, आरसे लावतेय.

"एक फेरी बाकी आहे ना," ती म्हणाली. "बस, आणि फोन तू धर."