शांतता राखण्याचा शास्त्रोक्त विधी (कोकण आवृत्ती)

सरकार असाल तर प्रकल्पासाठी सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, ड्रिलिंगचं मशीन चढवायला एप्रिल महिना धरा. हापूस पाडाला लागलेला असतो, काजूच्या बिया अंगणात वाळत असतात आणि चार दिवस बागेकडे पाठ केली की वर्षाचं उत्पन्न गेलं. पुरुष माणूस झाडावर, म्हणजे रस्ता मोकळा. रिफायनरीसाठी बारसूला २०२३ मध्ये हा हिशेब जरा चुकला. बायका होत्या, आणि त्या पोलिसांच्या गाड्यांपुढे आडव्या पडल्या. जैतापूरच्या अणुप्रकल्पाविरोधात साखरी नाटे गावात गोळीबार झाला तोही एप्रिलच, १८ तारीख, २०११. एक माणूस गेला. अणुभट्टी अजून यायची आहे.

मशीन चढण्याआधी मनाई आदेश हवा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ३७. एका वेळी १५ दिवस, पुढे शासनाची मंजुरी. शिमगा, जयंत्या, निवडणुका एवढ्या असतात की जुन्याच आदेशावर नवी तारीख टाकली तरी भागतं. पाच माणसं एकत्र दिसली की जमाव. लग्न आणि अंत्ययात्रा यांना बहुधा सूट असते, तेव्हा नागरिकांनी प्रकल्पाची चर्चा करायचीच असेल तर कोणाचं तरी लग्न ठरवावं. तेही जमत नसेल तर गावातल्या एखाद्या आजारी म्हाताऱ्याला विचारून बघावं.

मग बाहेरचे शोधा. सातबाऱ्यावर नाव असलेला पण नोकरीला डोंबिवलीत असलेला चाकरमानी हा बाहेरचा. तो गावी आला की चिथावणीखोर. मोजणीला, खरेदीखताला आणि मताला आला तर मात्र भूमिपुत्र. परदेशी तेल कंपनी बाहेरची नसते, ती पाहुणी.

जनसुनावणी हा या विधीचा गाभा, इथे घाई नको. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे ३० दिवस आधी वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते. ती द्यावीच, पण पान निविदांचं निवडावं. पर्यावरणावरच्या परिणामांचा मूळ अहवाल जाडजूड आणि इंग्रजीत असतो. मराठीत द्यायचा तो सारांश, आणि सारांशात मासे, पाणी, कातळ हे सगळं ‘नगण्य परिणाम’ या दोन शब्दांत मावतं. मांडव उन्हात घाला. पुढच्या तीन रांगा आठच्या आधी भरा, त्यासाठी जेवणाची पाकिटं थोडी जास्त सांगा. माईकचं बटण व्यासपीठावर ठेवा. चित्रीकरण सक्तीचं आहे, पण कॅमेरा कुठे तोंड करून उभा असावा हे अधिसूचनेत नाही. गणपूर्तीची अट नाही, त्यामुळे गावाने बहिष्कार टाकला तर रिकाम्या खुर्च्यांसमोरही सुनावणी पूर्ण होते. शेवटी इतिवृत्त लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचं असतं. ते शेवटची एसटी सुटल्यावर दाखवावं. आणि इतकं करूनही गोंधळ झालाच, तर स्थानिक परिस्थितीमुळे लोकांना मोकळेपणी मत मांडता येत नाही असं कळवून सुनावणीच वगळण्याची सोय त्याच अधिसूचनेत आहे. म्हणजे लोक फार बोलले की त्यांना बोलता येत नाही असं ठरतं. इतकी दूरदृष्टी सहसा सरकारी कागदात सापडत नाही.

नागरिकांचं काम सोपं. देवापुढच्या गाऱ्हाण्याला ‘व्हय महाराजा’ म्हणायची सवय आहेच, तीच सुनावणीत चालवावी. लेखी हरकत देऊ नये. दिलीच तर पोच घेऊ नये, कारण शिक्क्याची पोच असली की हरकत गहाळ होत नाही आणि उगाच कार्यालयाला त्रास होतो. इतिवृत्त वाचेपर्यंत थांबू नये. ग्रामसभेला तर मुळीच जाऊ नये. तिथे मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली कमी असेल तेवढीच माणसं लागतात. इतकी माणसं चुकून जमली, कोणी ठराव मांडला आणि ग्रामसेवकाने तो वहीत लिहिला, तर पुढे कोर्टात कोणीतरी ती वही उघडतो. सभा तहकूब होऊ द्यावी. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, तेव्हा उरलेले चौघे काय ते बघून घेतील.

पुढाऱ्यांना सल्ला द्यायची गरज नाही. नाणारच्या रिफायनरीची अधिसूचना २०१९ च्या लोकसभेआधी रद्द झाली आणि २०२२ मध्ये त्याच राजापूर तालुक्यातल्या बारसूचं नाव मुंबईहून पत्राने दिल्लीला गेलं. विरोधात असताना गावात येऊन भाकरी खायची आणि सत्तेत आलं की रोजगाराचा आकडा सांगायचा, हे त्यांना पाठ आहे.

राहता राहिले गुन्हे. ते भरपूर दाखल करा, नावं कमी पडली तर ‘व इतर’ आहेतच. शासकीय कामात अडथळा हे कलम जरूर लावा. पोलीस पडताळणीच्या कागदावर ते दिसलं की आरोपीचा मुलगाच बापाला घरी बसवतो. निवडणूक जवळ आली की गुन्हे मागे घेतल्याची घोषणा भर सभेत करावी. खटला मागे घ्यायला सरकारी वकिलाचा अर्ज आणि कोर्टाची संमती लागते, हे सभेत सांगायचं नाही. आरोपींना ते पुढच्या तारखेला, राजापूरला नावाचा पुकारा झाल्यावर कळतं.